प्रकाशवक्रातील दीर्घकालीन कल काढताना काय काढावे आणि काय राखावे

सोलापुरातील भौतिकशास्त्राच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. टेस या ग्रहशोधक उपग्रहाच्या एका सेक्टरमधील (आकाशाच्या एका पट्ट्याच्या सुमारे 27 दिवसांच्या निरीक्षणातील) दोन-दोन मिनिटांच्या मोजमापांत ताऱ्याचे तेज संथपणे वरखाली होताना दिसते. ते सपाट करण्यासाठी लाइटकर्व्ह या पायथन पॅकेजमधील 'फ्लॅटन' ही आज्ञा वापरली, तेव्हा तेज-काळाचा आलेख, म्हणजे प्रकाशवक्र, छान सपाट झाला; परंतु ग्रहाच्या अधिक्रमणाची (ग्रह ताऱ्यासमोरून जाताना तेजात पडणाऱ्या खड्ड्याची) खोली प्रसिद्ध झालेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी आली आणि अधिक्रमणाच्या दोन्ही बाजूंना तेज किंचित वाढल्यासारखे दिसू लागले. मग आठव्या घाताची बहुपदी बसवून पाहिली, तर सेक्टरच्या टोकांना वक्र भलतीकडेच गेला. याशिवाय गच्चीवरच्या दुर्बिणीतून घेतलेल्या मोजमापांतही रात्रभर एक कल राहतो. हे सगळे कल कोणत्या पद्धतीने काढावेत?

पहिल्या अडचणीचे कारण साधे आहे, पण ते सहज नजरेतून सुटते. फ्लॅटन ही आज्ञा सावित्स्की-गोले फिल्टर (सरकत्या तुकड्यावर लहान बहुपदी बसवून वक्र गुळगुळीत करणारी पद्धत) वापरते आणि आपण त्या तुकड्याची, म्हणजे विंडोची, लांबी सांगितली नाही, तर ती 101 बिंदूंची धरते. ही लांबी बिंदूंमध्ये मोजलेली असते, वेळेत नव्हे. केप्लर अवकाश दुर्बिणीच्या नेहमीच्या मोजमापांत लागोपाठच्या दोन बिंदूंमध्ये सुमारे 29.4 मिनिटे असतात; तेथे 101 बिंदू म्हणजे जवळजवळ 49.5 तास होतात आणि काही तासांचे अधिक्रमण त्या विंडोत आरामात मावते. आपल्या दोन मिनिटांच्या मोजमापांत मात्र तेच 101 बिंदू 3 तास 22 मिनिटांचे होतात. अधिक्रमण तीन तासांचे असेल, तर विंडो आणि अधिक्रमण जवळपास सारख्याच लांबीचे झाले. अशा वेळी फिल्टर अधिक्रमणालाच कल समजून त्याच्या मागे खाली जातो. त्या वक्राने भागल्यावर खोली घटते आणि कडांजवळ, जेथे वक्र गरजेपेक्षा आधीच खाली उतरू लागलेला असतो, तेथे तेज वाढल्याचा भास होतो. आपल्याला दिसलेले ते दोन उंचवटे याच प्रकारचे आहेत, ग्रहाशी त्यांचा संबंध नाही. फ्लॅटनमध्ये तीन सिग्मांपलीकडचे (प्रमाण विचलनाच्या तिपटीहून दूरचे) बिंदू वगळण्याची सोय आहे हे खरे; परंतु अधिक्रमण उथळ असेल, तर त्यातला एकेक बिंदू नॉइजच्या मर्यादेतच राहतो आणि वगळला जात नाही.

आता मूळ मुद्दा. 'कल' हा काही मोजमापांचा अंगभूत गुण नाही. आपण ताऱ्याला जो प्रश्न विचारतो, त्याच्या मानाने जे संथ असेल त्याला आपण कल म्हणतो. एकाच प्रकाशवक्रात ग्रह शोधणाऱ्याला ताऱ्याच्या स्वांगपरिभ्रमणामुळे दिसणारी लाट हा अडथळा वाटतो, तर ताऱ्यावरच्या डागांचा अभ्यास करणाऱ्याला तीच लाट हवी असते आणि अधिक्रमणे झाकून ठेवावीशी वाटतात. म्हणून कोणतीही आज्ञा चालवण्याआधी दोन आकडे कागदावर लिहावेत, असा माझा आग्रह असतो. आपला हवा असलेला बदल किती काळ टिकतो हा पहिला आकडा, आणि नको असलेला बदल किती काळात लक्षणीय होतो हा दुसरा. हे दोन आकडे एकमेकांपासून पुरेसे दूर असतील, तर जवळपास कोणतीही समंजस पद्धत चालते. ते जवळ आले, की एकही पद्धत आंधळेपणाने वापरता येत नाही.

आपल्या कामासाठी, म्हणजे ज्ञात ग्रहाच्या अधिक्रमणाची खोली मोजण्यासाठी, सर्वांत सुरक्षित उपाय म्हणजे अधिक्रमणे आधीच झाकणे. ग्रहाचा आवर्तकाल आणि एका अधिक्रमणाची मध्यवेळ ठाऊक असते. त्यावरून सेक्टरमधील प्रत्येक अधिक्रमणाचा काळ काढून, दोन्ही बाजूंना थोडी सैल जागा ठेवून, ते बिंदू कल ठरवण्याच्या गणितातून बाहेर ठेवावेत. येथे वेळेच्या मापाची काळजी घ्यावी लागते. टेसच्या फाइलमधील वेळ म्हणजे सौरमालेच्या वस्तुमानकेंद्राशी जुळवलेल्या ज्युलियन दिनांकातून 2457000 वजा केलेली संख्या असते, तर केप्लरच्या बाबतीत 2454833 वजा केलेले असतात. वस्तुमानकेंद्राची दुरुस्ती न केलेल्या वेळेत आठ मिनिटांपेक्षा अधिक फरक पडू शकतो, आणि तेवढ्याने झाकण सरकले तर अधिक्रमणाची एक कड उघडी पडते.

ग्रह ज्ञात नसेल आणि शोधायचा असेल, तर झाकणार काय, असा प्रश्न येतो. तेव्हा विंडोची लांबी हाच आधार. सरकता मध्यक वापरला, तर विंडो अधिक्रमणाच्या दुपटीहून मोठी असलीच पाहिजे, कारण तसे नसेल तर अधिक्रमणाच्या मध्यावर विंडोतील निम्म्याहून अधिक बिंदू तळाशी असतात आणि मध्यकही तळाशी जातो. मायकेल हिप्के आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये वोटान हे पॅकेज प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी अनेक पद्धतींची कृत्रिम अधिक्रमणांवर तुलना केली आणि टुकी यांची बायवेट पद्धत, अधिक्रमणाच्या सुमारे तिप्पट विंडोसह, बहुतेक ठिकाणी सर्वांत भरवशाची ठरल्याचे दाखवले. बायवेटमध्ये मध्यापासून दूर पडलेल्या बिंदूंचे वजन हळूहळू कमी होत जाऊन एका मर्यादेपलीकडे शून्य होते. त्यामुळे उथळ खड्डे आणि एखाददुसरा भरकटलेला बिंदू, दोन्हींचा त्रास कमी होतो. विंडो वेळेत सांगता येते, ही त्यात मला विशेष आवडणारी गोष्ट आहे. तीन तासांच्या अधिक्रमणासाठी नऊ तासांची विंडो घ्यावी आणि तेथून प्रयोग सुरू करावा.

परंतु नऊ तासांत तारा स्वतःच लक्षणीय बदलत असेल तर? एयू मायक्रोस्कोपी हा तरुण लाल खुजा तारा या बाबतीत चांगले उदाहरण आहे. तो सुमारे 4.86 दिवसांत स्वतःभोवती फिरतो, त्याच्यावरच्या डागांमुळे त्याचे तेज ग्रहाच्या अधिक्रमणाच्या खोलीपेक्षा कितीतरी पट अधिक बदलते आणि त्यावर ज्वालाही वारंवार उसळतात. त्याच्या 8.46 दिवसांच्या ग्रहाचा शोध 2020 मध्ये टेसच्या मोजमापांतून जाहीर झाला. अशा ताऱ्यासाठी आधी कल काढून मग ग्रह मोजणे हा क्रमच चुकीचा ठरतो. दोन्हींचे प्रारूप एकाच वेळी बसवावे लागते. ताऱ्याच्या बदलासाठी गॉसियन प्रोसेस (जवळच्या वेळांची मोजमापे एकमेकांशी किती जुळतात यावरून वळणदार वक्र बसवणारी सांख्यिकी पद्धत) घ्यायची आणि तिच्याबरोबरच अधिक्रमणाचे प्रारूप ठेवायचे, म्हणजे कल किती अनिश्चित आहे याची भर खोलीच्या त्रुटीत आपोआप पडते. एका सेक्टरमध्ये दोन मिनिटांचे सुमारे 19,000 बिंदू असतात आणि साध्या गॉसियन प्रोसेसचे गणित बिंदूंच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे घरच्या संगणकावर सेलेराइटसारखे, बिंदूंच्या सरळ प्रमाणात वेळ घेणारे साधन वापरावे, किंवा प्रत्येक अधिक्रमणाभोवतीचा दिवसाभराचा तुकडाच घ्यावा. गॉसियन प्रोसेसला फार मोकळीक दिली, तर तीही अधिक्रमण गिळते. म्हणून तिचा कालमापक, म्हणजे ती किती काळात बदलू शकते हे, आधी अधिक्रमणे झाकलेल्या मोजमापांवरून ठरवून घेणे मला योग्य वाटते.

ज्वाला असलेल्या ताऱ्यांबद्दल एक बारीक सूचना. भरकटलेले बिंदू काढताना दोन्ही बाजूंना सारखी कात्री लावू नये. वरच्या बाजूचे टोकाचे बिंदू काढावेत आणि खालच्या बाजूला हात लावू नये, कारण आपण शोधतो ते खालीच असते.

बहुपदीबद्दल थोडक्यात सांगतो. 27 दिवसांच्या सेक्टरवर एकच उच्च घाताची बहुपदी बसवू नये. मधल्या भागात ती बरी दिसते, पण टोकांना आणि मधल्या खंडाच्या कडांना ती मोकाट सुटते. टेसची कक्षा 13.7 दिवसांची आहे. सेक्टरमध्ये अशा दोन फेऱ्या असतात आणि त्यांच्या मध्ये माहिती पृथ्वीकडे पाठवण्यासाठी खंड पडतो. त्या खंडाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे स्वतंत्र समजूनच काम करावे. बहुपदीची खरी जागा लहान तुकड्यांवर आहे. एका अधिक्रमणाच्या आजूबाजूच्या काही तासांसाठी पहिल्या किंवा दुसऱ्या घाताची बहुपदी पुरते, आणि घात वाढवल्याने फायदा झाला की नाही हे बेझियन माहिती निकषासारख्या मापाने तपासता येते.

कल कोठून आला हे पाहणे मात्र कोणत्याही गणिताइतकेच महत्त्वाचे आहे. टेसच्या फाइलमध्ये दोन प्रकारचे तेज दिलेले असते. एक म्हणजे पिक्सेलांची सरळ बेरीज, ज्याला सॅप म्हणतात. दुसरे पीडीसी-सॅप, ज्यात त्याच सीसीडीवरील (कॅमेऱ्याच्या प्रकाशसंवेदी चिपवरील) अनेक ताऱ्यांमध्ये सामाईक असलेले बदल उपकरणाचे मानून काढलेले असतात आणि शेजारच्या ताऱ्यांच्या मिसळलेल्या प्रकाशाचीही दुरुस्ती केलेली असते. अधिक्रमणासाठी पीडीसी-सॅप वापरणे योग्यच आहे. पण ताऱ्याचे स्वांगपरिभ्रमण पंधरा-वीस दिवसांचे असेल, तर त्या दुरुस्तीत ते दबून जाऊ शकते, आणि मग आपण 'हा तारा शांत आहे' असा निष्कर्ष काढून मोकळे होतो. केप्लरमध्ये तर दर तीन महिन्यांनी यान 90 अंशांनी वळवले जाई, तारा दुसऱ्या सीसीडीवर पडे आणि तेजात पायरी येई. प्रत्येक तुकडा आपापल्या मध्यकाने भागून जोडला, की तीन महिन्यांहून संथ असे काहीही त्यात उरत नाही.

याचे फार बोलके उदाहरण केआयसी 8462852 या ताऱ्याचे आहे. त्याचे 22 टक्क्यांपर्यंत जाणारे अनियमित खड्डे प्रसिद्धच आहेत. पण तो तारा चार वर्षांत एकंदर मंदही होत गेला होता आणि नेहमीच्या प्रक्रिया केलेल्या प्रकाशवक्रात ते दिसत नव्हते. बेंजामिन माँटे आणि जोशुआ सायमन यांनी 2016 मध्ये केप्लरने अधूनमधून घेतलेल्या संपूर्ण चौकटीच्या प्रतिमा वापरून, शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत मोजणी केली. तेव्हा पहिले सुमारे 1000 दिवस तो वर्षाला सुमारे 0.34 टक्के इतक्या गतीने मंदावला आणि पुढच्या 200 दिवसांत आणखी दोन टक्क्यांहून अधिक खाली गेला, असे आढळले. कल काढणाऱ्या प्रक्रियेने आपले काम चोख केले होते. फक्त ती ज्या प्रश्नासाठी बनवली होती, तो प्रश्न वेगळा होता.

आता भागावे की वजा करावे, याकडे वळू. येथे सोलापूरचे आकाश समजावून सांगण्यास सोयीचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत हवेत धूळ असते. ती ताऱ्याच्या प्रकाशाचा ठरावीक अंश अडवते, म्हणजे तिचा परिणाम गुणाकाराचा असतो आणि तो भागाकाराने काढावा लागतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूचे आकाश उजळते. तो उजेड ताऱ्याच्या प्रकाशात मिळवला जातो, म्हणून तो वजा करावा लागतो आणि ताऱ्याभोवतीच्या कड्यातून पार्श्वभूमी नीट मोजली गेली की तो बराचसा निघून जातो. ताऱ्यावरच्या डागांमुळे होणारा बदलही गुणाकाराचाच धरतात, म्हणून अधिक्रमणाच्या कामात कलाने भागतात. प्रतींमध्ये (तेजाच्या लॉगरिदमिक मापात) काम करत असाल तर तोच भागाकार वजाबाकी होतो. शेजारच्या ताऱ्याचा मिसळलेला प्रकाश पुन्हा बेरजेचा. टेसचा एक पिक्सेल आकाशात 21 विकलांचा असल्यामुळे हे मिसळणे नित्याचे आहे. ते राहिले तर कल कितीही कौशल्याने काढला तरी खोली कमीच येते, आणि तिचा दोष विनाकारण विंडोवर जातो. आपण सॅप वापरले असेल, तर हेही तपासावे.

गच्चीवरच्या मोजमापांसाठी एक ठोस उदाहरण घेऊ. एचडी 189733 हा जंबुक तारकासमूहातला, डंबेल तेजोमेघाच्या अगदी जवळचा, 7.7 प्रतीचा नारंगी तारा आहे. त्याच्या ग्रहाचे अधिक्रमण सुमारे 2.2 दिवसांनी होते, ते जवळपास 1.8 तास चालते आणि खोली सुमारे 2.4 टक्के आहे, म्हणजे लहान दुर्बिणीच्या आवाक्यातले. त्याचा उत्तम काळ नेमका आपल्या पावसाळ्यात येतो, त्यामुळे व्यवहारात ऑक्टोबर उरतो. ऑक्टोबरच्या मध्यावर तो सोलापुरातून संध्याकाळी सातच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर, खस्वस्तिकापासून सुमारे पाच अंशांवर असतो आणि तेथून सतत पश्चिमेकडे उतरत जाऊन सव्वाअकराच्या आसपास खस्वस्तिकापासून 60 अंशांवर पोहोचतो. म्हणजे त्याच्या प्रकाशाला पार करावी लागणारी हवेची जाडी, ज्याला एअरमास म्हणतात, ती चार तासांत एकाची दोन होते. एअरमासमागे पाव प्रतीचे शोषण धरले, तर तेज 20 टक्क्यांनी उतरले, अधिक्रमणाच्या आठपट.

तुलनाताऱ्याने भागले की यातले बहुतेक सगळे निघून जाते. जे उरते ते रंगामुळे. आपला तारा नारंगी आणि तुलनातारा निळसर असेल, तर क्षितिजाकडे जाताना निळा प्रकाश अधिक शोषला जातो, तुलनातारा अधिक मंदावतो आणि आपला तारा उगाच तेजस्वी होत असल्याचे दिसते. आपण वर्णन केलेला रात्रभराचा कल मला याच जातीचा वाटतो. फिल्टर न लावता काम केल्यास तो सर्वांत जास्त असतो. लाल फिल्टर लावावा, रंगाने जवळचे तुलनातारे निवडावेत, एकाऐवजी अनेक तुलनाताऱ्यांची मिळून सरासरी घ्यावी. एवढ्याने कल निम्म्याहून कमी झाला तर आश्चर्य वाटायला नको. उरलेल्यासाठी वेळेत आणि एअरमासमध्ये एकघाती असे साधे प्रारूप अधिक्रमणाबरोबर एकत्र बसवावे. ताऱ्याच्या स्वतःच्या डागांची चिंता येथे करण्याचे कारण नाही. त्याचे परिभ्रमण सुमारे 12 दिवसांचे आहे. तेजातला बदल दीड टक्क्याचा धरला तरी चार तासांत तो फार तर 0.07 टक्क्याच्या आत राहतो, आणि तेवढा सरळ रेषेत सहज मावतो.

मात्र सरळ रेषा भरवशाने काढता यावी, यासाठी अधिक्रमणाच्या आधीचा आणि नंतरचा किमान एकेक तास हाती असला पाहिजे. एकाच बाजूचे मोजमाप असेल, तर उतार आणि खोली एकमेकांत गुंततात आणि कोणतेही गणित त्यांना वेगळे करू शकत नाही. दुर्बीण जर्मन विषुववृत्तीय बैठकीवर असेल आणि तारा रात्री मध्यमंडल ओलांडणार असेल, तर बैठक उलटवावी लागते, तारा सीसीडीवर दुसऱ्या जागी पडतो आणि तेजात पायरी येते. ही पायरी वळणदार वक्राने लपवू नये. दोन्ही बाजूंना स्वतंत्र स्थिरांक द्यावा. त्या पायरीचे मूळ बहुधा फ्लॅट फील्डमध्ये (कॅमेऱ्यातील असमानता दुरुस्त करण्यासाठी एकसारख्या उजेडात घेतलेल्या प्रतिमेत) असते, आणि तेच सुधारणे अधिक बरे.

महिनोन्‌महिन्यांच्या मोजमापांबद्दल आपण विचारले नसले, तरी पुढे ते काम आपल्या हाती येईलच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश बहुधा झाकलेले असते, म्हणून सोलापूरचा कोणताही दीर्घ प्रकाशवक्र हंगामांच्या तुकड्यांत येतो. प्रत्येक हंगामातून सरळ रेषा वजा करण्याचा मोह होतो. डेल्टा स्कूटी प्रकारच्या, काही तासांत स्पंदन पावणाऱ्या ताऱ्यासाठी ते चालते, किंबहुना आवश्यकही असते. कारण संथ बदल तसाच राहिला तर पीरिओडोग्राममध्ये (कोणत्या वारंवारतेला किती बदल आहे हे दाखवणाऱ्या आलेखात) त्याची शक्ती दिवसाला एक फेरी, दोन फेऱ्या अशा खोट्या वारंवारतांवर पाझरते. पण तिमिंगल तारकासमूहातील मीरासाठी तीच कृती घातक ठरते. मीराचा आवर्तकाल सुमारे 332 दिवसांचा आहे. येथून ती ऑक्टोबर ते फेब्रुवारी नीट पाहता येते, म्हणजे एका हंगामात आवर्तनाचा निम्म्याहून कमी भाग हाती लागतो आणि तो बऱ्याचदा चढत्या किंवा उतरत्या सरळ रेषेसारखाच दिसतो. ती रेषा काढली, की मीराच काढली. तिचा महत्तम तेजाचा दिवस दरवर्षी साधारण 33 दिवस अलीकडे सरकतो. म्हणून हंगाम तसेच ठेवून, तुकड्यांना एकमेकांशी जोडण्यासाठी त्याच तुलनाताऱ्यांचा आधार सर्व वर्षे कायम ठेवणे हाच मार्ग आहे.

शेवटी आपल्या टेसच्या वक्राकडे परत येतो, कारण कोणती विंडो बरोबर हे मी येथून सांगण्यापेक्षा आपल्याच मोजमापांनी सांगितलेले चांगले. सॅपचे मूळ तेज घ्या, खरी अधिक्रमणे झाकून बाजूला ठेवा आणि रिकाम्या जागी वेगवेगळ्या वेळांना, समजा 0.1 टक्का खोलीचे आणि तीन तासांचे कृत्रिम अधिक्रमण गुणाकाराने घाला. मग तीच संपूर्ण प्रक्रिया चालवा आणि परत मिळालेली खोली मोजा. 3 तास 22 मिनिटांच्या विंडोने खोलीचा मोठा हिस्सा नाहीसा झालेला दिसेल. विंडो सहा, नऊ, बारा, चोवीस तास अशी वाढवत न्या. परत मिळणारी खोली वाढत जाऊन एका टप्प्यावर स्थिर होईल, आणि आणखी पुढे ताऱ्याची लाट पूर्ण न निघाल्यामुळे वेगवेगळ्या वेळांना मिळणाऱ्या खोलींमध्ये तफावत वाढू लागेल. खोली स्थिर आणि तफावत कमी अशा पट्ट्यातील विंडो घ्यावी. कृत्रिम अधिक्रमणे काही सेक्टरच्या कडांजवळ आणि मधल्या खंडाजवळही घालावीत, कारण तेथे प्रत्येक फिल्टर दुबळा पडतो. तेथील खोली स्थिर येत नसेल, तर कडेपासून अर्ध्या विंडोइतके बिंदू अंतिम मोजणीत धरू नयेत.

प्रबंधात सपाट केलेल्या वक्राबरोबर काढलेला कलही स्वतंत्र स्तंभात द्यावा, विंडोची लांबी तासांत लिहावी आणि कृत्रिम अधिक्रमणांतून मिळालेली तफावत खोलीच्या त्रुटीत मिळवावी. म्हणजे उद्या त्याच ताऱ्याचे परिभ्रमण मोजू पाहणाऱ्याला आपण बाजूला ठेवलेले सगळे जसेच्या तसे परत मिळेल.